बसचा वेळ धरायचा का?

ज्या रात्री मी ‘ब्रदर’ झाले, त्या रात्री सांगलीला फोन केला. तिकडे सकाळ होती. आईने सगळं ऐकून घेतलं, मग फोन कानापासून लांब धरून बाबांना हाक मारली, “अहो, ऐकलंत का? पोरगी तिकडे जाऊन भाऊ झाली!”

तिला समजावणं अवघड होतं, कारण तीन महिन्यांपूर्वी मलाही कुणी समजावू शकलं नसतं. ‘फ्रॅटर्निटी’, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांतली बंधुसंघटना, म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं. मोठं घर, दारात खांब, अंगणात रिकामे बिअरचे डबे, आणि आत नव्या पोरांना काहीबाही करायला लावणारी जुनी पोरं. ते सगळं काही मनाचे खेळ नव्हते. मी पेनसिल्व्हेनियात आले २०१८च्या ऑगस्टमध्ये. आदल्याच वर्षी याच राज्यात एका फ्रॅटर्निटीच्या प्रवेशाच्या रात्री भरमसाट दारू पाजलेला एकोणीस वर्षांचा मुलगा जिन्यावरून पडून दगावला होता. मी आले त्याच शरद ऋतूत, ऑक्टोबरमध्ये, राज्याने हेझिंगविरुद्ध, म्हणजे नव्यांच्या अशा रॅगिंगविरुद्ध, कडक कायदा केला. आईने जाताना बजावलेल्या गोष्टींत ‘असल्या ग्रुपमध्ये जायचं नाही’ ही तिसरी होती. पहिल्या दोन पासपोर्ट आणि दूध याबद्दल होत्या.

पण सप्टेंबर संपत आला तेव्हा माझी अवस्था अशी होती की एका रविवारी झोपताना मी हिशोब केला, आज दिवसभरात आपण मोठ्याने काय काय बोललो? एक वाक्य निघालं. बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हटलेलं ‘थँक यू’. एमएसला आलेल्या पोरांचं हे दुखणं घरी कुणी सांगत नाही. लॅब, खोली, भात-वरण, लॅब. रूममेट चिनी, गोड स्वभावाची, पण तिचं आणि माझं घड्याळ उलटं.

तर कॅम्पसवर संस्थांचा मेळा भरला होता, तिथे फुकट डोनट मिळतात म्हणून गेले. एका टेबलावर निळ्या कापडावर सोनेरी अक्षरं होती, आल्फा, फाय, ओमेगा. मी इलेक्ट्रिकलची. मला ते कोन, फ्लक्स आणि ओहम असंच दिसलं. तसं मी टेबलामागच्या मुलीला म्हटलंही. ती इतकी हसली की मला वाटलं, या देशात माझा पहिला विनोद खपला. नंतर कळलं, ती कुणाच्याही विनोदाला तितकीच हसते.

तिने सांगितलं की ही सर्व्हिस फ्रॅटर्निटी आहे. घर नाही, खांब नाहीत, मुलं-मुली दोन्ही असतात, पदवीवाले, पदव्युत्तर सगळे चालतात. दर रविवारी सभा, आणि आठवडाभर कुठे ना कुठे काम. मी विचारलं, “म्हणजे एनएसएस?” तिला एनएसएस ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मला मात्र चांगलंच ठाऊक होतं, आणि माझी खरी शंका तिथेच होती.

एनएसएस, राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दीत, २४ सप्टेंबर १९६९ला सदतीस विद्यापीठांत सुरू झालेली. छातीवर कोणार्कच्या रथचक्राचा बॅज, त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर. स्वयंसेवक आठही प्रहर तयार पाहिजे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, आणि सात दिवसांचं शिबिर. शिबिराबद्दल मी एक अक्षर वाईट बोलणार नाही. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून ओढ्यावर आम्ही वनराई बंधारा घातला होता, पोत्यांची तोंडं सुतळीने शिवताना बोटं सोलली होती, आणि तिसऱ्या दिवशी मागे पाणी चढलेलं बघायला गावातल्या बायका आल्या तेव्हा आमच्या वर्गातली सगळ्यात टवाळ पोरंही गप्प उभी राहिली होती.

पण ते सात दिवस. उरलेल्या १२० तासांचं काय? त्याची डायरी असते. काम काय, वेळ किती, सही. आमच्या हॉस्टेलवर फेब्रुवारीतल्या एका रात्री चौघींनी मिळून चाळीस तासांचं वृक्षारोपण, साक्षरता आणि ग्रामस्वच्छता उरकली. दोन निळी पेनं आणि एक काळं घेऊन, म्हणजे शाई एकसारखी दिसायला नको. मध्येच कुणीतरी म्हणालं, “या रविवारी तर आपण पिक्चरला गेलो होतो,” म्हणून त्या रविवारचं वृक्षारोपण शनिवारी ढकललं. वाढीव मार्क मिळाले. झाडं कुठेच नव्हती.

त्यामुळे ‘या सत्रात प्रत्येकाने वीस तास करायचे’ असं त्या मुलीने सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “सही कोण करतं?”

“कशावर?”

“तासांवर.”

“कुणी नाही. एक शीट आहे, तू केलेस तितके भरायचे.”

मला ते भाबडेपणाचं वाटलं. वर सदस्य व्हायला फी. डॉलरला सत्तरने गुणायची सवय अजून सुटली नव्हती. तेवढ्या पैशात सांगलीत आमच्या घरी महिन्याचा किराणा आला असता. पैसे भरून दुसऱ्याचं काम करायचं, त्याचे तास मोजायचे, आणि मोजणारे आपणच. पण त्या रविवारचं ते एकच ‘थँक यू’ आठवलं आणि मी नाव दिलं. सेवेची ओढ वगैरे काही नव्हती. मला बोलायला माणसं हवी होती. हे त्या वेळी कुणाला सांगितलं नाही, त्याची लाज वाटायची.

आठ आठवडे उमेदवारीचे, त्याला ‘प्लेज’ म्हणतात. त्यात संस्थेचा इतिहास पाठ करावा लागतो आणि जुन्या प्रत्येक सदस्याला गाठून गप्पा माराव्या लागतात. इतिहास असा की लाफायेट कॉलेज आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत, ईस्टन गावात. तिथे १६ डिसेंबर १९२५ला फ्रँक रीड हॉर्टन या विद्यार्थ्याने ही सुरू केली. पहिल्या महायुद्धात तो नौदलात होता. मुलांनी स्काउटमध्ये शिकलेलं कॉलेजात येताच विसरायचं का, हा त्याचा प्रश्न. सुरुवातीला फक्त स्काउट राहिलेल्या मुलांनाच प्रवेश होता. मुलींना पूर्ण सदस्यत्व मिळायला १९७६ उजाडलं, पण त्यासाठी शब्द काही बदलला नाही. मुलगी असो की मुलगा, सगळे ‘ब्रदर’. आमच्या तुकडीतल्या फिलिपिनो मुलाचे वडील मनिलात याच संस्थेचे होते. १९५०पासून ती तिकडेही आहे. तो घरी फोनवर तगालोगमध्ये बोलताना मधेच ‘ब्रॉड’ म्हणायचा, आणि आम्हाला वाटायचं आमच्याबद्दलच बोलतोय.

प्रत्येक प्लेजला एक ‘बिग’ मिळते, म्हणजे थोरली. माझी थोरली माझ्याहून तीन वर्षांनी लहान निघाली. वीस वर्षांची, नर्सिंगची, वरच्या कोळसा खाणींच्या भागातली. डोनटच्या टेबलामागे हसणारी तीच. उंचीला माझ्या खांद्याला लागायची आणि मला ‘लिटल’ म्हणायची.

पहिलं काम एका चर्चच्या तळघरातल्या फूड पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देतात तिथे. लोकांनी दिलेले डबे निवडायचे. तिथला प्रमुख सत्तरीचा, बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीतून निवृत्त झालेला नव्हे, बेथलेहेम स्टीलच त्याच्याआधी निवृत्त झाली. तिथलं पोलाद ओतणं १९९५ला थांबलं. त्या भट्ट्या अजून नदीकाठी गंजत उभ्या आहेत, त्यांच्या पायथ्याशी आता गाण्याचे कार्यक्रम होतात. त्याने मला डबा कसा बघायचा ते शिकवलं. डोळ्याने नाही, अंगठ्याने. डब्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवरून, म्हणजे जिथे झाकण पत्र्याला मुडपलेलं असतं तिथून, अंगठा गोल फिरवायचा. पोटाला पोचा असला तर चालतो. कडेला किंवा उभ्या सांध्याला पोचा असला तर डबा कचऱ्यात, मग आत कितीही महागाचं असो. फुगलेला असला तर हातात घेऊन विचारही करायचा नाही. डब्यांवरची तारीख उलटली तर बहुतेक वेळा चालतं, पण लहान बाळाच्या दुधाच्या पावडरची तारीख एक दिवसही उलटलेली चालत नाही.

दोन तासांनी माझ्या अंगठ्याला पत्र्याचा वास येत होता. मी त्याला सहज विचारलं, तुम्ही इथे किती वर्षं आहात? तो म्हणाला, या बाजूला अठरा. आणि टेबलाच्या पलीकडे हनुवटी करून, त्या बाजूला दोन. प्लान्ट बंद झाल्यावर. मग पुढचा डबा उचलत म्हणाला, “इथे पाय दुखतात. तिथे मान दुखते.”

मी घरी आले आणि शीट उघडली. काम झालं होतं अडीच तास. मी चार लिहिले. जायला-यायला दोन बसगाड्या, वाट बघणं, म्हणजे चार झालेच की. कुणी सही करणार नव्हतं. हात जुनाच होता.

गंमत अशी की दोन आठवड्यांनी सभेत नेमका तोच विषय निघाला. या सभा म्हणजे एक प्रकरण. पोरं विशी-बाविशीची, पण कामकाज ‘रॉबर्ट्स रूल्स’ या सभा चालवण्याच्या नियमांप्रमाणे. हातोडा, सूचक, अनुमोदक, दुरुस्ती, दुरुस्तीला दुरुस्ती. आमच्या अपार्टमेंटच्या सर्वसाधारण सभेत गच्चीच्या गळतीवरून जे होतं तेच, फक्त सभ्य आवाजात. विषय होता, प्रवासाचा वेळ सेवेत धरायचा का? एक म्हणाला, गाडीवाल्यांना दहा मिनिटं लागतात, बसवाल्यांना तास, मग न्याय कसा होणार. दुसरी म्हणाली, मग मी रस्त्यात कॉफी प्यायले तर तीही सेवा का. चाळीस मिनिटं. मी मान खाली घालून बसले होते. शेवटी मतदान झालं, प्रवास धरायचा नाही. माझे अडीच तासांचे चार शीटवर तसेच राहिले. दुरुस्त करायला हवे होते. केले नाहीत.

नोव्हेंबरात, दिवाळी आमच्या लॅबच्या डेडलाइनमध्ये वाहून गेल्यावर, रक्तदान शिबिर आलं. इथे तरी आपण खऱ्या अर्थाने काही देऊ म्हणून मी सगळ्यात आधी रांगेत. फॉर्मवरचा प्रश्न, गेल्या तीन वर्षांत कुठे राहात होतात? भारत. नर्सने फार मायेने सांगितलं की मलेरिया असलेल्या देशात राहिलेल्यांना तिथून आल्यापासून तीन वर्षं रक्त देता येत नाही. सांगलीत दोन वेळा रक्त दिलेली मी, इथे माझ्या रक्ताला व्हिसा नव्हता. बाहेर येऊन तोंड पाडून बसले, तर थोरलीने माझ्या हातात ज्यूसचे डबे आणि बिस्किटांचं खोकं दिलं आणि शेवटच्या टेबलावर बसवलं. रक्त दिलेल्यांना तिथे दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, खायला घालायचं आणि गप्पा मारत त्यांच्या चेहऱ्याचा रंग बघायचा. ओठ पांढरे पडले की ओळखायचं. दुपारी फुटबॉल खेळणारा एक आडदांड पोरगा बिस्किट चावता चावता कागदासारखा झाला, तेव्हा मी आणि आमच्या फिलिपिनो मुलाची एक उंचापुरी मैत्रीण, दोघींनी त्याला आडवं केलं. चार तासांत मी तीसेक अनोळखी माणसांशी बोलले. नाव काय, कुठला, जेवलास का. आपल्याकडे पंगतीत आग्रह करतात तोच, फक्त इंग्रजीत. एक बिस्कीट तरी घ्याच. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझा घसा बोलून बसला.

डिसेंबरात विधी झाला. त्यात काय होतं ते बाहेर सांगायचं नाही. सांगितलं तरी सत्यनारायणाची पूजा पाहिलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. नंतर सगळे गोल करून, हात गुंफून एक गाणं म्हणतात. मला आधी त्याचा संकोच वाटायचा. आता वाटत नाही, पण ते गाणं मला सुरात कधीच आलं नाही.

आणि मग फेब्रुवारी.

बर्फ पडतं तेव्हा धोका नसतो. ते दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठतं तेव्हा असतो. रस्ता ओला दिसतो, तो काच असतो. सकाळी आठच्या बससाठी धावताना मी उजव्या हातावर पडले आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर कोपरापर्यंत, सहा आठवडे. उजवा हात म्हणजे लिहिणं, जेवणं, पोळ्या, आंघोळ, सगळंच. मी ग्रुपवर फक्त एवढंच टाकलं होतं की या रविवारी सभेला येत नाही, पडले. संध्याकाळपर्यंत कुणीतरी वेळापत्रक बनवून पाठवलं होतं. डॉक्टरकडे कोण नेणार, लॅबच्या नोंदी कोण टाइप करणार, कपडे कोण धुणार. मला न विचारता. माझ्या आत्याच्या ऑपरेशनच्या वेळी आमच्या गल्लीने डब्यांचं केलं होतं तसं.

केसांचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझे केस कमरेपर्यंत, आणि एका हाताने वेणी घालता येत नाही. चौथ्या दिवशी थोरली आली तर मी गुंता सोडवता सोडवता रडत होते. हात दुखतोय म्हणून असं तिला सांगितलं. तिने काही न बोलता मला खाली बसवलं, आपण पलंगावर बसली. मी तिला खोबरेल तेलाची निळी बाटली दाखवली. ती थंडीने घट्ट झाली होती; तिने गरम पाण्याच्या मगात उभी करून पातळ केली. इंजेक्शन द्यायला शिकणारे तिचे हात, टाळूवर फार हलके पडत होते. भांग पाडताना ती तोंडाने मोजत होती, एक, दोन, तीन, जशी टाके मोजत असावी.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. मी फोन पुस्तकाला टेकवून ठेवला. आईने आधी माझं प्लॅस्टर पाहिलं, मग मागे बसलेली ती सोनेरी भुवयांची पोरगी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने दुसऱ्याच मिनिटाला मराठीत सूचना सुरू केल्या. “अगं बाळा, एवढी घट्ट नको. घट्ट नको! तिचं डोकं दुखतं. वरून सैल घे. हां.” आणि हाताने हवेत वेणी घालून दाखवायला लागली. तिकडे सांगलीत रात्रीचा एक वाजत आला होता. थोरली स्क्रीनकडे बघत, तोच हात तसाच फिरवत, माझ्या डोक्यावर उतरवत होती. ‘घटनको’ हा शब्द तिने त्या दिवशी उचलला आणि पुढे कुणी सभेत नियमांचा फार कीस पाडायला लागलं की ती मागून हळूच म्हणायची, ‘घटनको’. वर्षभरात निम्म्या चॅप्टरला, म्हणजे आमच्या शाखेला, तो शब्द आला. अर्थ मी सांगितला होता, पण नीट नाही.

सहा आठवडे ती एक दिवसाआड येत राहिली. आईने तेव्हापासून ‘तुझा अभ्यास कसा चाललाय’च्या आधी ‘तुझी थोरली कशी आहे’ विचारायला सुरुवात केली.

२०१९च्या शरदात मी सेवा उपाध्यक्ष म्हणून निवडून आले. उमेदवार मी एकटीच होते, ते सोडा. त्या पदाकडे तासांची शीट असते. सगळ्यांची, मागच्या सत्रांसकट. म्हणजे ज्या शीटवर कुणी सही करत नाही, ती आता माझ्या ताब्यात. पहिल्या रात्री मी ती नुसती चाळत बसले. माणसं कळतात तिच्यावरून. कुणी पाऊण तास पाऊण तासच लिहितो. कुणी पंधरा मिनिटं झाडलं तर पंधरा. एकाने लिहिलं होतं, ‘एक तास, पण त्यातली वीस मिनिटं कुत्र्यांशी खेळलो.’

मला बघायचे होते माझ्या प्लॅस्टरचे तास. संस्थेच्या सेवेच्या चार जागा ठरलेल्या आहेत, देश, समाज, कॅम्पस आणि आपली माणसं. म्हणजे आजारी ब्रदरला मदत केली तर ते तास रीतसर धरता येतात. मला डॉक्टरकडे नेणारा, लॅबच्या नोंदी टाइप करणारी, कपडे धुणारा, आणि सहा आठवडे एक दिवसाआड वेणी. माझ्या हिशोबाने सगळ्यांचे मिळून चाळीस-पन्नास तास सहज होते. त्या सत्रात थोरलीला वीस तास पुरे करायला शेवटी धावपळ करावी लागली होती, हेही मला आठवत होतं. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ती परीक्षा तोंडावर असताना महामार्गालगतचा कचरा उचलायला गेली होती.

फेब्रुवारीच्या ओळी मी दोनदा पाहिल्या. मार्चच्याही. फूड पॅन्ट्री, रक्तदान, शाळेतलं वाचन. माझं नाव कुठेच नव्हतं. एकानेही लिहिले नव्हते.

मग मी वर सरकत गेले, आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत. माझी पहिली ओळ तिथेच होती. फूड पॅन्ट्री, चार तास. ती खोडायला गेले तर जुनी सत्रं कुलूपबंद निघाली. बदल करायचा तर आधीच्या सेक्रेटरीला कळवायचं. रात्रीचे साडेबारा वाजले होते, तरी मी त्याला निरोप टाकला, ही ओळ अडीच कर. त्याचं लगेच उत्तर आलं, का, काय चुकलं?

मी लिहिलं, बसचा वेळ.